पन्हळीचे पाणी पायापासून दूर कसे न्यावे

पन्हळ लावली की पाया वाचला, असे वाटते. पण अर्धवट लावलेली पन्हळ न लावण्यापेक्षा वाईट. पन्हळ नसली तर पागोळ्या भिंतीच्या लांबीभर विखरून पडतात. पन्हळ लावून पाइप कोपऱ्यातच मोकळा सोडला, तर अख्ख्या छपराचे पाणी एकाच चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, मुळाशी ओतले जाते. गोव्यात आमच्या फोंड्याच्या घरी हेच झाले. दोन पावसाळ्यांत कोपऱ्याचा गिलावा फुगला आणि जोत्याखाली हात जाईल एवढी पोकळी पडली.

हिशेब सोपा आहे. 100 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी होते. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणजे तीन लाख लिटर! जांभा पाणी पितो, आणि जुन्या घरांत चिरे मातीतच बसवलेले असतात. माती वाहून गेली की चिरा हलतो.

काम मे महिन्यात, पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) धावपळीतच उरकून घ्या. आधी पन्हळीत बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे थबकते ते पाहा. दर 10 फुटांना अर्धा इंच उतार पुरतो. कमी असेल तर पन्हळ धरणारे आकडे खालीवर करून घ्या. शिडी बाहेरून लावा. मंगळुरी कौलांवर पाय ठेवलात तर एका कामाची दोन कामे होतील.

उभा पाइप 110 मिलिमीटरचा पीव्हीसी घ्या. आपल्या सरी पाहता छपराच्या दर 40 चौरस मीटरना एक पाइप धरावा. पैसे वाचवायला 75 चा बसवला, तर जोराच्या सरीला पन्हळ भरून वाहते आणि पाणी पुन्हा भिंतीवर येते. पाइपच्या तोंडाशी जाळी हवीच, नाहीतर आंब्या-फणसाची पाने एल्बोत, म्हणजे पाइपच्या वळणाच्या जोडात, अडकतात.

खरे काम जमिनीवर आहे. पाइप खाली आला की एल्बो लावून तो आडवा फिरवा आणि जमिनीत पुरून न्या. दर 8 फुटांना निदान 1 इंच उतार द्या. जुन्या भिंतीला समांतर, तिला चिकटून चर मात्र खणू नका. पाया उघडा पडतो. चर भिंतीपासून सरळ बाहेर काढा. पाइपचे तोंड भिंतीपासून निदान 10 फूट दूर हवे, आणि तोंडाखाली एक सपाट चिरा ठेवा, म्हणजे तिथे खड्डा पडत नाही.

पाणी सोडायचे कुठे? परसात उतार असेल तर माडाच्या आळ्यात किंवा कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) पाटात. जागा नसेल तर दगड-खडी भरलेला शोषखड्डा करा, तोही भिंतीपासून 10 फुटांच्या आत नको. संडासाच्या टाकीत हे पाणी कधीही सोडू नका. शेजाऱ्याच्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) तर मुळीच नको. त्यावरून होणारी भांडणे पावसापेक्षा जास्त टिकतात. विहिरीत सोडायचेच असेल तर गाळणी लागते, आणि कौलांवरची घाण धुऊन आणणारे पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढून द्यावे.

भिंतीलगतची जमीनही पाहा. पहिल्या 10 फुटांत ती 6 इंच बाहेर उतरावी. भर घालताना माती जोत्याच्या वर चढू देऊ नका. राजांगण, म्हणजे मधोमध उघडे अंगण, असलेल्या घरात छपराच्या आतल्या चारही पाखांचे पाणी आतच पडते. तिथे अंगणातून बाहेर जाणारी मोरी आधी उपसा. ती तुंबली तर पाणी थेट घराखाली मुरते.

मिरगाच्या आधी एकदा आणि चवथीला पाहुणे येण्यापूर्वी पुन्हा एकदा शिडी लावा. ऑगस्टपर्यंत पन्हळीत हमखास शेवाळ आणि चिखल साचलेला असतो.