नातवाची भेट पुन्हा सुरू झाली, ती अशी

माझा मुलगा वारल्यावर सून नातवाला घेऊन नाशिकला माहेरी गेली. आठ महिने साधा फोनही नाही.

कुणी म्हणालं, २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा लावा. पण तो निर्वाहासाठी आहे. नातवंडांच्या भेटीचा थेट हक्क आजी-आजोबांना देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. वाट निघते ती १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातून, आणि तिथे आधी मुलाचं हित पाहतात. मी साताऱ्याची, पण अर्ज मूल राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात करावा लागला. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळाले. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

ताबा मी मागितलाच नाही. सुनेविरुद्ध एक अक्षरही लिहू दिलं नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच सुटलं. समुपदेशकांसमोर ती रडली. म्हणाली, "आई, तुम्ही त्याला ठेवून घ्याल अशी भीती वाटत होती."

महिन्यातले दोन रविवार तिच्या घराजवळ भेट, दर बुधवारी व्हिडिओ कॉल असं ठरलं. तडजोड न्यायालयात लेखी नोंदवून घेतली. परवाच्या बुधवारी त्याने मला पडलेला दात दाखवला.