झाकली मूठ उघडण्याआधी: गेममध्ये नामशेष वंश परत आणताना या चुका टाळा

फँटसी गेममध्ये एखादं ओसाड भूमिगत शहर असलं, की खेळणाऱ्यांमध्ये एक वाद ठरलेला असतो: ते बांधणारे लोक परत यावेत का? 'एल्डर स्क्रोल्स' या गेम मालिकेतले ड्वेमर तर या वादाचं कायमचं गिऱ्हाईक. त्यांची यंत्रं अजून चालतात, वाफेचे नळ अजून फुसफुसतात, पण घरात माणूस नाही. शंभर तास अशा शहरांतून फिरल्यावर "यांच्यातला एखादा तरी भेटायला हवा होता" असं वाटणं साहजिक आहे. गडबड होते ती हे वाटणं थेट गेमच्या आराखड्यात उतरवल्यावर.

माझं मत आधीच सांगतो. अख्खा वंश परत आणू नये, एखादा माणूस आणावा. तरीही कुणाला आणायचाच असेल, स्वतःच्या टेबलटॉप मोहिमेत (मित्रांनी टेबलाभोवती बसून खेळायच्या गोष्टीत), मॉडमध्ये (चालू गेममध्ये चाहत्यांनी केलेल्या बदलात) किंवा स्वतः बनवत असलेल्या गेममध्ये, तर पुढच्या चुका वाचून घ्या. त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्या आहेत.

त्यांचं नसणं काय काम करतं, हे न पाहणं

बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटी जन्मतात. गेममधला नामशेष वंश म्हणजे रिकामी जागा नव्हे. ती जागा रात्रंदिवस राबत असते. ड्वेमरांचंच घ्या. पहिल्या युगाच्या ७०० व्या वर्षी रेड माउंटनच्या लढाईत त्यांच्यातल्या कॅग्रेनॅक नावाच्या कारागिराने लोरखान या देवाच्या हृदयावर आपली अवजारं चालवली आणि सगळा वंश एका झटक्यात नाहीसा झाला. कुठे गेले, मेले की आणखी काही झाले, याचं ठाम उत्तर मालिकेने आजवर दिलेलं नाही.

या एका नसण्यावर किती गोष्टी उभ्या आहेत बघा. त्यांची शहरं बेवारस आहेत, म्हणून तिथली लूट ही लूट वाटत नाही. याच मालिकेतल्या 'स्कायरिम'मध्ये आपण त्यांचं धातूचं सामान गोण्या भरभरून बाहेर काढतो, भट्टीत वितळवतो आणि विटा पाडतो, तेव्हा मनाला काही टोचत नाही. उद्या मालक दारात उभा राहून "माझं सामान कुठंय?" असं विचारू लागला, तर हाच सगळा खेळ घरफोडीचा होतो. शिवाय गेममधले विद्वान त्यांच्यावरून भांडतात, वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे तर्क सापडतात आणि खेळणारा स्वतःचा तर्क बांधतो. मालक परतला की त्या पुस्तकांची रद्दी होते.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. तुमच्या जगात तो वंश 'गेलेला' आहे म्हणूनच चालणाऱ्या गोष्टी लिहून काढा: मोहिमा, ठिकाणं, पात्रांचे हेतू, दुकानात विकला जाणारा माल, लोकांच्या शपथा आणि शिव्यासुद्धा. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा, ते परत आले की या गोष्टीचं काय होईल. पाचसहा ओळींपुढे "माहीत नाही" असं आलं, तर परत आणणं लांबणीवर टाका. सगळ्याच ओळींपुढे "काहीच फरक पडत नाही" असं आलं, तर दुखणं वेगळं आहे: तुमचा नामशेष वंश नुसती नक्षी होता, त्याच्या परतण्याने कुणाला काही वाटणारच नाही.

परतलेल्याला सगळं माहीत असणं

आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. नवखा लेखक परतलेल्या पात्राच्या तोंडी वीस मिनिटांचं भाषण घालतो, मूठ उघडतो, आणि आत जे निघतं ते खेळणाऱ्यांनी इतकी वर्षं रचलेल्या तर्कांहून हमखास फिकं असतं.

त्याच मालिकेतल्या २००२ च्या 'मोरोविंड'ने हा पेच फार हुशारीने सोडवला होता. तिथे एक जिवंत ड्वेमर खरंच भेटतो, याग्रम बागार्न. कॉर्प्रसच्या रोगाने शरीर फुगलेलं, यांत्रिक कोळ्याच्या पायांवर टेकलेलं. पण सगळे नाहीसे झाले तेव्हा तो या जगात नव्हताच, बाहेरच्या एका लोकात होता. परतला तेव्हा सगळे गेलेले. म्हणजे आपण ज्याला विचारायला एवढ्या लांब आलो, तोही आपल्यासारखा अंदाजच करतो! भेटीचं समाधान मिळतं आणि गूढ जिथल्या तिथे राहतं. पुढे 'स्कायरिम'मध्ये आर्निएल गेन नावाचा जादूगार कॅग्रेनॅकचाच प्रयोग छोट्या प्रमाणावर करू पाहतो आणि आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. हाती एक धागा लागतो, उत्तर लागत नाही.

'मास इफेक्ट ३' ही फँटसी नव्हे, विज्ञानकथा. पण त्यातला जाविक, शेवटचा प्रोथिअन, इथे हवाच. प्रोथिअन वंश ५०,००० वर्षांपूर्वी संपला, आणि आधीच्या दोन्ही गेममध्ये त्यांची प्रतिमा थोर, ज्ञानी पूर्वजांची होती. जाविक जागा होतो आणि कळतं, ते साम्राज्यवादी होते, इतर वंशांना अंकित करत होते. तो स्वतः युद्धातच जन्मलेला सैनिक. वैभवाचा काळ त्यानेही पाहिलेला नाही. म्हणून तो जे सांगतो ते एका शिपायाचं सांगणं राहतं, विश्वकोश होत नाही.

तेव्हा परतणाऱ्या पात्राला तीन गोष्टी ठरवून द्या: त्याला काय माहीत नाही, कशाबद्दल त्याचा गैरसमज आहे, आणि काय माहीत असूनही तो सांगणार नाही. तिसरी गोष्ट लिहायला सगळ्यात मजा येते.

"एक गुहा उघडली आणि आतून हजारो निघाले"

संख्येकडे कुणी बघत नाही. संवर्धन जीवशास्त्रात १९८० पासून ५०/५०० असा एक ढोबळ नियम सांगतात: जवळच्या नात्यातल्या प्रजननाचे दुष्परिणाम थोड्या काळापुरते टाळायला सुमारे ५० प्रजननक्षम जीव लागतात, आणि लांब पल्ल्यात बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता टिकवायला ५००. पुढे हे आकडे अपुरे ठरवणारेही निघाले, पण कथा लिहायला ते उत्तम आहेत. तिघे वाचले तर ती शोकांतिका. साठ वाचले तर लग्नं कुणाची कुणाशी, यावरूनच राजकारण पेटेल. पाच हजार वाचले तर मग ते नामशेष कसले, लपलेले होते, आणि इतकी वर्षं खात काय होते ते सांगा.

खऱ्या जगातलं उदाहरण बुकार्डोचं. पिरेनीज पर्वतातल्या या रानबकऱ्याची शेवटची मादी जानेवारी २००० मध्ये मेली. तिच्या पेशींपासून २००३ मध्ये एक क्लोन जन्माला आला आणि फुप्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांतच गेला. तो जगला असता तरी पेशी एकाच मादीच्या, म्हणजे जोडीदाराचा प्रश्न होताच. तुमच्या गेममधला मांत्रिक एका हाडावरून वंश उठवणार असेल, तर त्या पहिल्या काही मिनिटांवर एक अख्खी मोहीम निघेल.

जग त्यांच्यासाठी थांबलं होतं असं धरणं

हजार वर्षांत त्यांच्या जमिनीवर कुणीतरी शेती केलेली असते, त्यांच्या देवळात कुणीतरी दुसरा देव बसवलेला असतो. ड्वेमरांच्या कित्येक भूमिगत शहरांत आज फाल्मर राहतात, तेही एका अर्थी आयत्या बिळावर नागोबा. फरक एवढाच, की हे फाल्मर म्हणजे आश्रय मागायला आलेल्या हिम-एल्फांचे वंशज, आणि त्यांना विषारी बुरशी खायला घालून आंधळं केलं ते ड्वेमरांनीच. आता ड्वेमर परतले तर घर कुणाचं? हा प्रश्न टाळून कुणी परतीचा सोहळा लिहीत असेल, तर त्याने कथेतला सगळ्यात चांगला भाग फेकून दिला.

"ते कधी मेलेच नव्हते" हे घाईने म्हणणं

रेटकॉन, म्हणजे आधी सांगितलेली गोष्ट मागाहून बदलणं, हा काही गुन्हा नाही. प्रश्न असतो, आधी 'नामशेष' कोण म्हणालं होतं. कथेतल्या एखाद्या इतिहासकाराने, प्रवाशाने किंवा शत्रूने म्हटलं असेल तर त्याला चुकायची मुभा आहे. निवेदकाने किंवा नियमपुस्तकाने ठामपणे म्हटलं असेल तर तुम्ही अडकलात.

छोट्या बाहुल्यांच्या फौजा टेबलावर लढवायच्या 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळातल्या स्क्वॉट्सची गोष्ट या बाबतीत शिकण्यासारखी आहे. हे अंतराळातले बुटके नव्वदच्या दशकात खेळातून काढले गेले आणि टिरॅनिड्स या परग्रही झुंडींनी त्यांना खाऊन टाकलं असं सांगितलं गेलं. ते २०२२ मध्ये 'लीग्ज ऑफ व्होटान' म्हणून परतले. घोषणा नेमकी १ एप्रिलला झाल्याने अनेकांना ती थट्टाच वाटली. खुलासा मात्र नीट होता: हे लोक आकाशगंगेच्या गाभ्याकडे राहतात, बाहेरच्यांना त्यांच्याबद्दल अर्धवट माहिती होती, आणि 'स्क्वॉट' हे इतरांनी ठेवलेलं अपमानास्पद नाव. म्हणजे अज्ञान सांगणाऱ्याचं ठरलं.

त्यांची दुसरी अडचण कथेबाहेरची होती. नियम इतके जबर निघाले, की फौज पूर्णपणे विक्रीला येण्याआधीच कंपनीला दुरुस्तीपत्रक काढून त्यांची ताकद उतरवावी लागली. बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्याला दणक्यात आणायचा मोह होतो. आवरा.

खेळता येणारा वंश म्हणजे पोशाखाचा खर्च

कॅरेक्टर क्रिएशनच्या, म्हणजे आपलं पात्र घडवण्याच्या, पडद्यावर एक चेहरा वाढला की मागे प्रत्येक चिलखत, प्रत्येक शिरस्त्राण, प्रत्येक स्वार होण्याचं जनावर त्या अंगाला बसवावं लागतं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २०२२ साली आलेले ड्रॅकथिर हे युगानुयुगं गोठवून ठेवलेले आणि मग जागे झालेले योद्धे. त्यांच्या ड्रॅगनरूपावर बहुतेक चिलखत दिसतच नाही, आणि सुरुवातीला त्यांना एकच क्लास (लढण्याचा पेशा) घेता येत होता. 'फायनल फँटसी १४'मधला व्हिएरा वंश नामशेष नव्हता, पण २०१९ मध्ये तो खेळायला मिळाला तेव्हा उंच कानांपायी बहुतेक टोप्या दिसेनाशा झाल्या. कष्टाने मिळवलेली टोपी न दिसणं हे दुःख लहान वाटेल, पण ज्याने मिळवली त्याला विचारा.

आणि त्यांना वेगळ्या पैशात विकू नका. जाविक मुळात गेमच्या पहिल्याच दिवशी स्वतंत्र विकतचा डीएलसी (गेमला जोडायचा वेगळा भाग) म्हणून आला होता. ज्या वंशाभोवती तीन गेमचं कथानक फिरतं त्याचा शेवटचा माणूस दाराबाहेर तिकीट लावून बसवलेला पाहून लोक भडकले, ते उगाच नाही.

निवड देऊन ती परत घेणं

पहिल्या 'मास इफेक्ट'मध्ये, २००७ साली, रॅक्नाय वंशाची शेवटची राणी खेळणाऱ्याच्या हाती येते: सोडा किंवा मारा. मालिकेतल्या सगळ्यात जड निर्णयांपैकी हा एक. तिसऱ्या भागात मात्र राणी मारली असली तरी शत्रूने बनवलेली कृत्रिम राणी समोर येते आणि रॅक्नायशी लढावंच लागतं. ज्याने पाच वर्षं तो निर्णय मनात बाळगला त्याच्या तोंडाला पानंच पुसली. वंश परत आणायचा की नाही हे खेळणाऱ्यावर सोपवत असाल, तर 'नाही'चं जगही लिहून ठेवा. ते परवडत नसेल तर विचारूच नका.

आता परत आणूनच बसला असाल तर

लक्षण: पहिल्या भेटीनंतर कुणी त्या वंशाबद्दल प्रश्नच विचारत नाही. तुम्ही फार सांगितलंत. परतलेल्यांमध्येच दोन गट पाडा आणि दोघांचा इतिहास एकमेकांशी जुळू देऊ नका.

लक्षण: जुनी भग्न शहरं एकदम कंटाळवाणी झाली. काही ठिकाणं अशी ठेवा जी त्यांनाही ओळखता येत नाहीत, किंवा जिथे जायला तेच घाबरतात.

लक्षण: सगळे सारखेच दुःखी आणि थोर. एकाला लबाड करा, एकाला आपल्या पूर्वजांचा मनापासून कंटाळा असू द्या.

परत न आणताही भेट घडवता येते, हे विसरू नका. 'फायनल फँटसी १४'च्या 'शॅडोब्रिंगर्स' या विस्तारात समुद्रतळाशी ॲमॉरोट हे गेलेल्या प्राचीनांचं शहर उभं आहे, मागे राहिलेल्या एकाने आठवणीतून उभारलेलं. तिथल्या उंच सावल्या आपल्याला लहान मूल समजून बोलतात. पुढच्या 'एंडवॉकर'मध्ये आपण भूतकाळात जाऊन त्या लोकांना जिवंतपणी भेटतो आणि परत येतो. ते येत नाहीत. 'गिल्ड वॉर्स'मधल्या ड्वार्फांनी शत्रूशी लढण्यासाठी स्वतःला दगड करून घेतलं. दुसऱ्या गेममध्ये त्यांच्यातला ऑग्डेन भेटतो, तोही दगडाचाच.

माझ्या टेबलटॉप मोहिमेत मी चाळीस जण एका गोठलेल्या सरोवराखालून उठवले होते आणि पहिल्याच बैठकीत त्यांच्याकडून सगळा इतिहास वदवून घेतला होता. दुसऱ्या बैठकीला मंडळी फोन बघत बसली. तिसऱ्या बैठकीत मी एवढंच केलं: त्या चाळिसांतल्या एका म्हातारीने बाकीच्यांकडे बोट दाखवून हळूच सांगितलं, "आम्ही झोपलो तेव्हा एकोणचाळीस होतो." चौथ्या बैठकीला एक जण वही घेऊन आला, त्यात चाळिसांचीही नावं लिहिलेली होती.