उन्हात ड्रोन उडवायचा तर रिमोटचा स्क्रीन उन्हातच बघून घ्या

आभाळ निवळून ऊन कडक झालं की ड्रोन फवारणीची कामं एकदम अंगावर येतात. टाकी, नोझल, बॅटऱ्या सगळं तपासून होतं. स्क्रीन मात्र घरात बसून बघितलेला असतो, आणि घरात कुठलाही स्क्रीन छानच दिसतो.

स्क्रीनचा उजेड ‘निट’मध्ये मोजतात. साधा फोन साधारण ४०० ते ६०० निटचा. बाहेरून पडणारा उजेड ‘लक्स’मध्ये मोजतात, आणि भर दुपारचं ऊन सुमारे १ लाख लक्स असतं. धुळीने, बोटांच्या ठशांनी माखलेल्या काचेने त्यातला शेकडा ४ भाग जरी विखरून परत फेकला, तरी ती चकाकी बाराशे निटच्या पुढे जाते. मग नकाशा कसा दिसणार? तोच स्क्रीन १० हजार लक्सच्या सावलीत धरा, चकाकी सव्वाशेवर येते. म्हणून माझं मत असं, की आधी काच पुसा, हुड (स्क्रीनवर सावली धरणारं आवरण) लावा, सावलीत उभे राहा. जास्तीच्या निटचा विचार त्यानंतर.

विकत घ्यायचाच असेल तर हुड लावून काम करणाऱ्याला ७०० निट चालतात. उघड्या रानात दुपारी उडवणाऱ्याने १००० च्या खाली जाऊ नये. डीजेआय या ड्रोन कंपनीचा आरसी २ हा रिमोट ७०० निटचा आहे, आरसी प्लस १२०० चा.

फोनच्या खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो कमाल उजेड बहुतेक वेळा थोडा वेळच टिकतो. फोन तापला की स्वतःच मंद होतो. मी एकदा फोनवर शेताची हद्द नोंदवत होतो. तिसऱ्या कोपऱ्यावर स्क्रीन काळवंडला आणि खूण बांध ओलांडून शेजारच्या पिकात पडली. उडवण्याआधी झाडाखाली नकाशा मोठा करून बघितला म्हणून निभावलं. तेव्हा घेताना विचारा: सतत टिकणारे निट किती? आणि भर दुपारी बाहेर नेऊन वीस मिनिटं पूर्ण उजेडावर चालवून बघा. बॅटरीचा टक्का आणि टाकीची पातळी हे बारीक आकडे एका नजरेत वाचता आले पाहिजेत. त्यासाठी डोळे किलकिले करावे लागले तर तो स्क्रीन नको. तुमची नजर ड्रोनवर हवी, स्क्रीनवर नुसता कटाक्ष.

पांढरा शर्ट घालून उडवू नका, तो काचेत आरशासारखा उमटतो. गडद रंगाचा घाला. पोलराइज्ड (चकाकी कापणारा) गॉगल असेल तर स्क्रीन आडवा-उभा फिरवून बघा. काही कोनांत तो पार काळा पडतो. साधा गॉगल बरा.

हुड आतून काळा असावा, आणि रिमोटच्या पंख्याची जाळी त्याने झाकली जाता कामा नये. ‘ऑटो ब्राइटनेस’ बंद ठेवा. ढगाची सावली आली की तो उजेड उतरवतो आणि पुन्हा ऊन पडल्यावर वाढवायला वेळ लावतो. पूर्ण उजेडावर रिमोटची बॅटरीही लवकर उतरते, चार्ज भरून निघा.

दोन फेऱ्यांच्या मध्ये रिमोट गाडीच्या टपावर ठेवू नका, आणि तापला म्हणून एसीच्या झोतासमोरही धरू नका. आत दव धरतं.