बाबांनी विकलेली गाडी शोधताना आधी चेसिस नंबर मिळवा

नागपुरात विकलेली जुनी गाडी शोधणारे बहुतेक जण नंबर प्लेटचा माग काढतात आणि तिथेच अडकतात. गाडी वर्धा, भंडारा, गोंदियाला गेली तर एमएच-३१ तसाच राहतो. पण छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडे गेली आणि बारा महिन्यांहून जास्त राहिली, की कायद्याने मध्य प्रदेशचा नवा नंबर घ्यावा लागतो. गाडीच्या पत्र्यावर कारखान्यातच ठोकलेला चेसिस नंबर मात्र बदलत नाही.

आरसी बुक गाडीसोबतच गेलेलं असतं, त्याच्यामागे वेळ घालवू नका. आलमारीतून जुन्या विमा पॉलिसी काढा. त्यावर गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, मॉडेलचं वर्ष सगळं असतं. शक्यतो दोन वेगवेगळ्या वर्षांच्या पॉलिसी ताडून बघा, टाइप करताना ३ चा ८ झालेला बऱ्याचदा सापडतो. पॉलिसी नसेल तर शोरूमचं बिल किंवा कर्जाचे कागद. तेही नसतील तर लग्नाचे अल्बम: सजवलेल्या गाडीची पुढची प्लेट हारांखाली जाते, पण पाठवणीच्या फोटोत मागची प्लेट हमखास येते. घरात सगळे ‘फियाट’ म्हणत असले तरी कागदावर ‘प्रीमियर पद्मिनी’ असू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

मग केंद्र सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर प्लेटवरचा नंबर टाका. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसेल. आपल्या कामाच्या गोष्टी दोन: नोंदणी कुठल्या आरटीओत आहे आणि विमा कधीपर्यंतचा आहे. विमा चालू असेल तर गाडी बहुधा रस्त्यावर आहे. १९८९ च्या आधीच्या, तीन इंग्रजी अक्षरांच्या नंबरांची नोंद संगणकावर बरेचदा चढलेलीच नसते. तेव्हा ‘नोंद नाही’ दिसलं म्हणून गाडी भंगारात गेली असं समजू नका.

पुढची पायरी आरटीओकडे माहिती अधिकाराच्या अर्जाची. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. इथे बहुतेकांचं चुकतं: ‘सध्याच्या मालकाचं नाव-पत्ता द्या’ असं लिहिलं की खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळला जातो. मालकाबद्दल विचारूच नका, गाडीबद्दल विचारा. ना-हरकत दाखला दिला का, कोणत्या तारखेला, कोणत्या आरटीओसाठी. नोंदणी रद्द झाली का. उत्तराची मुदत ३० दिवस. पैसे घेऊन पत्ता काढून देणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका.

कधी कधी नोंदीत अजून बाबांचंच नाव निघतं. मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या घेऊन गाडी नेणारे तेव्हा खूप होते. याकडे दुर्लक्ष नको. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच म्हटलं आहे.

आरटीओवरून भाग कळला की तिथले जुने मिस्त्री आणि डेंटर-पेंटर गाठा. फोटो दाखवा, आपला फोन नंबर चिठ्ठीवर देऊन मालकापर्यंत पोचवायला सांगा. गाडी बाबांची होती हे सौदा ठरेपर्यंत बोलू नका. भाव तिथेच दुप्पट होतो.

गाडी सापडली की रंग आणि सीटांवर भाळू नका. चेसिस नंबरासाठी मारुती ८०० मध्ये बॉनेट उघडून काचेखालचा आडवा पत्रा बघा. फियाट-अ‍ॅम्बॅसेडरची जागा मिस्त्रीला विचारा. रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसा. वायर ब्रश मारला तर गंजलेले आकडे उडतात. आकड्यांवर पेन्सिल आडवी घासा, वर रुंद सेलोटेप दाबा, ओढून पांढऱ्या कागदावर चिकटवा आणि पॉलिसीवरच्या नंबराशी ताडून बघा. आकड्यांभोवती वेल्डिंगची शिवण किंवा पॉलिशचे ओरखडे दिसले तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबर वेगळा असणं त्यामानाने साधं आहे, अनेकांनी डिझेल इंजिन बसवलं होतं. फक्त आरसीवर त्याची नोंद हवी.

पैसे देण्याआधी ई-चलान, कराची थकबाकी आणि नोंदणीची मुदत बघा. वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. गाडी मध्य प्रदेशातून परत आणायची असेल तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला आधी हातात घ्या, मगच बाकीची रक्कम द्या. मालक वारले असतील तर गाडी आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर व्हायला हवी.