काळा बोर्ड लावला तरी सावली फिकीच? या चुका टाळा

दहा बाय दहाची खोली, पांढऱ्या भिंती, खाली चकचकीत टाइल्स. चेहऱ्याचा फोटो काढायला डावीकडून सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढे पांढरं कापड ताणलेली पेटी) लावलाय, तरी चेहऱ्याची उजवी बाजू जवळजवळ तेवढीच उजळ आहे. मग ती सावलीची बाजू गडद करायला उजवीकडे काळा बोर्ड उभा केला जातो, आणि आधीच्या व नंतरच्या फोटोत फरक शोधत बसावं लागतं.

गफलत समजुतीत असते. सावलीच्या बाजूला उभा केलेला काळा बोर्ड सावली पाडत नाही. सॉफ्टबॉक्सचा प्रकाश समोरच्या भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटून सावलीच्या बाजूला परत येत असतो, आणि बोर्ड त्यातली एक वाट बंद करतो, एवढंच. मोठ्या अंधाऱ्या हॉलमध्ये किंवा रात्री मोकळ्या मैदानात परत येणारा प्रकाश जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिथे आठ फुटी बोर्ड लावूनही काही बदलत नाही. उलट पांढऱ्याशुभ्र छोट्या खोलीत तोच बोर्ड मोठं काम करतो. म्हणून बोर्ड हलवण्याआधी प्रकाश कुठून परततोय ते पाहा.

आधी तीन फोटो काढा

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा: शटर १/१२५, एफ/८, आयएसओ १००. पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून. तो जवळजवळ पूर्ण काळा यायला हवा. नाही आला तर खिडकी किंवा ट्यूबलाइट फोटोत शिरतेय, आधी ती बंद करा. दुसरा फोटो फ्लॅशसह, बोर्डाशिवाय. तिसरा बोर्ड लावून. तिन्ही वेळा सेटिंग तेच, फ्लॅशची पॉवरही तीच.

ऑटो मोडवर किंवा टीटीएल फ्लॅशवर (यात कॅमेराच फ्लॅशची पॉवर ठरवतो) ही तपासणी फसते. सावली गडद झाली की कॅमेऱ्याला फ्रेम अंधारी वाटते, तो एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, वाढवतो आणि मिळवलेली सावली पुन्हा फिकी करून ठेवतो. दोष बोर्डाच्या माथी जातो.

बोर्ड फार लांब

ही सगळ्यात नेहमीची चूक. बोर्डाची रुंदी किती यापेक्षा चेहऱ्याला तो किती मोठा 'दिसतो' हे महत्त्वाचं. तीन फूट रुंद बोर्ड गालापासून एक फुटावर असेल तर तो आडव्या दिशेत सुमारे ११० अंश झाकतो. तोच चार फुटांवर नेला की जेमतेम ४० अंश, आणि उरलेल्या जागेतून भिंत मजेत प्रकाश टाकत राहते. बोर्ड फ्रेममध्ये दिसेपर्यंत आत सरकवा आणि मग दोन बोटं मागे घ्या.

बाजूची वाट बंद करूनही सावली फिकी असेल तर खाली बघा. व्हिट्रिफाइड टाइल्स हनुवटीखाली आणि जबड्यावर भरपूर प्रकाश फेकतात; काळी चादर अंथरली की लगेच कळतं. त्यानंतर छत. आणि फोटो काढणाऱ्याचा पांढरा टी-शर्ट, जो कोणाच्याच लक्षात येत नाही. भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर सावलीत तोच रंग उतरतो. व्हाइट बॅलन्स (पूर्ण फोटोचा रंग सुधारणारं सेटिंग) बदलून तो निघत नाही, कारण उजळ बाजूचा रंग वेगळा असतो. काळं कापड तो मुळातच अडवतं.

काळं, पण चकचकीत

फ्लेक्सच्या दुकानात ८ × ४ फुटांचा सनबोर्ड (हलकी, कडक फोमची शीट) मिळतो. त्यावर काळं विनाइल चिकटवून दिलं तर बरेचदा ते चमकदार असतं. समोरून काळंकुट्ट, तिरक्या कोनातून आरसा. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आणि काळा अ‍ॅक्रिलिक यांचीही तीच गत. घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका धरून पाहा. पांढरा पट्टा चमकला तर तो बोर्ड या कामाचा नाही. साधा काळा कार्डशीटसुद्धा थोडा प्रकाश परत करतोच, पण विखरून करतो, त्यामुळे चालतो. काळं मखमल त्याहून कितीतरी चांगलं, फक्त धूळ आणि केस ओढून घेतं. मखमल फ्रेममध्ये येणार असेल तर चिकटपट्टी हाताशी ठेवा.

घरच्या थर्माकोलवर काळा स्प्रे मारायचा मोह टाळा. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं आणि शीटला खड्डे पडतात. पाण्यात मिसळणारा पोस्टर कलर ब्रशने दोन हात द्या. रंग सुटू नये म्हणून त्यात फेविकॉल ओतणारेही आहेत. जास्त झाला की पुन्हा चमक येते.

चेहऱ्यावर दोन्हीकडून काळं

नाट्य हवं म्हणून दोन्ही बाजूंना बोर्ड लावले की चेहरा अरुंद दिसतो, आणि काळे केस गडद पार्श्वभूमीत विरघळतात. कॉन्ट्रास्ट वाढवून हे सुधारत नाही, बिघडतं. एकच बाजू काळी करा आणि पार्श्वभूमी करड्या रंगाची घ्या, किंवा मागून केसांवर हलका प्रकाश द्या. डोळेही तपासा. बोर्ड फार पुढे, कॅमेऱ्याच्या अंगाला सरकला तर बुबुळात सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब अर्धं कापलं जातं आणि नजर मेल्यासारखी वाटते. बोर्डाची पुढची कड कानाच्या रेषेपासून सुरू करून हळूहळू पुढे आणा.

स्टीलचा डबा: पट्टी चुकीच्या जागी

वस्तूंच्या फोटोग्राफीत काळ्या पट्टीचा खरा कस इथे लागतो. स्टीलच्या गोल डब्याभोवती ट्रेसिंग पेपर लावला की डबा स्वच्छ पांढरा दिसतो, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्याच्या कडाच नाहीशा होतात. म्हणून डब्याच्या बरोबर डावी-उजवीकडे, थोड्या अंतरावर, काळ्या पट्ट्या उभ्या केल्या जातात. फोटोत काळी रेघ येते, पण कडेवर नाही, पोटावर.

याचं कारण भूमितीत आहे. गोल डब्याच्या मध्यावर कॅमेऱ्याचं प्रतिबिंब दिसतं. बरोबर बाजूला, पण डब्यापासून बरीच लांब असलेली वस्तू मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे ७० टक्क्यांवर दिसते. अगदी कडेला दिसतं ते डब्याच्या मागे काय आहे ते. म्हणजे कडेवर रेघ हवी तर पट्टी शेजारून मागे न्यायला हवी: कॅमेऱ्याची दिशा शून्य धरली तर डब्याभोवती साधारण १२० अंशांच्या पुढे, फ्रेमच्या अगदी बाहेर. तितक्याच लांबून १२० अंशांवरची पट्टी त्रिज्येच्या ८७ टक्क्यांवर दिसते, १५० अंशांवरची ९७ टक्क्यांवर. दोन-तीन इंच रुंदीच्या पट्टीने सुरुवात करा आणि कॅमेऱ्यातून बघत मागे सरकवा.

काचेच्या बरणीलाही पट्ट्या मागच्याच बाजूला लागतात. तिथे मागची उजळलेली पांढरी पार्श्वभूमी फ्रेमपेक्षा फार मोठी असेल तर बरणीच्या कडा पांढऱ्या राहतात. दोन काळे कार्ड दोन्हीकडून आत आणत पार्श्वभूमी फ्रेमएवढीच उघडी ठेवा. कार्ड जितकी आत, तितकी काचेची कड जाड.

कटर लावला, पण रेघ उठली नाही

प्रकाश आणि वस्तू यांच्या मधे धरलेल्या काळ्या बोर्डाला शूटिंगवर कटर म्हणतात. भिंतीवरचा प्रकाश कापायला तो सॉफ्टबॉक्सला चिकटून धरला तर सावलीची कड उठतच नाही, प्रकाश नुसता मंदावतो. समजा सॉफ्टबॉक्स ९० सेंमी रुंद आहे आणि भिंत १८० सेंमीवर. कटर बरोबर मधोमध असेल तर उजेडाकडून अंधाराकडे जायला ९० सेंमी लागतात. तोच भिंतीपासून ३० सेंमीवर आणला तर १८ सेंमी. कड तीक्ष्ण हवी तर कटर वस्तूकडे न्या, मऊ हवी तर दिव्याकडे.

मागच्या दिव्यामुळे फोटो पांढुरका येत असेल तर दिवा आणि लेन्स यांच्या मधे हात हलवून बघा. लेन्सच्या पुढच्या काचेवर हाताची सावली पडली की कटर तिथेच बांधायचा. हूड (लेन्सच्या पुढे लावायची झडप) पुरत नाही तेव्हा हे कामाला येतं.

बाहेर आणि गरम दिव्यांजवळ

ढगाळ दिवशी चारी बाजूंनी सारखा उजेड असतो, तेव्हा ५-इन-१ रिफ्लेक्टरची (वेगवेगळ्या रंगांच्या बाजू असलेली घडीची चकती) काळी बाजू गालाजवळ धरली की चेहऱ्याला आकार येतो. उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडत असतील तर तीच बाजू डोक्यावर आडवी धरा. ८ × ४ चा बोर्ड मात्र वाऱ्यात शिडासारखा भरतो. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी आणि एक माणूस, दोन्ही लागतात. हॅलोजनच्या दिव्याजवळ काळं कापड लटकवू नका. काळा रंग उष्णताही शोषतो, आणि मखमल पेटायला वेळ लावत नाही.

बोर्ड विकत घेण्याआधी इमारतीच्या लिफ्टचं माप घ्या. आठ फुटी शीट बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही. ६ × ३ फुटांचे दोन तुकडे कापडी टेपने बिजागरीसारखे जोडले तर स्टँडशिवाय उभे राहतात, आणि डोकं ते खांदे एवढ्या फोटोला पुरतात.