क्रॉलरला बीईसी जोडताय? आधी या चुका टाळा

क्रॉलरची, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या आणि खडक चढणाऱ्या छोट्या गाडीची, पुढची चाकं खडकाच्या फटीत अडकलेली. स्टिअरिंग पार एका बाजूला वळवलं, थोडा थ्रॉटल दिला, आणि गाडी गप्प. दोन सेकंदांनी आपली आपण पुन्हा सुरू. हे ज्याच्या बाबतीत घडतं तो दहातल्या नऊ वेळा रेडिओला शिव्या देतो. मीही दिल्या. गाडीतला सिग्नल पकडणारा रिसीव्हर बदलला, रिमोटशी परत बाइंड केला, अँटेना छपरापर्यंत नेली. दोन सुट्ट्या यात गेल्या. शेवटी गाडी टेबलावर घेतली, पुढचं चाक हाताने घट्ट धरलं, स्टिअरिंग वळवलं आणि रिसीव्हरचा दिवा विझताना डोळ्यांनी पाहिला. रेडिओ ठणठणीत होता, उपाशी होता.

मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीच्या पोटात जो बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारा भाग) असतो तो बऱ्याचदा दोन-तीन अँपिअरचा. स्टिअरिंग वळवणारा ताकदवान सर्व्हो अडला की पाच-सहा अँपिअर सहज मागतो. रेसच्या गाडीत सर्व्हो क्षणभरच अडतो, क्रॉलरमध्ये त्याचं अर्धं आयुष्य अडण्यातच जातं. म्हणून बाहेरून वेगळा बीईसी लावायचा, इथपर्यंत सगळ्यांना पटतं. गोंधळ त्यानंतर होतो.

ईएससीची लाल वायर तशीच ठेवणं. या एका चुकीवर मी बोलायला लागलो की मित्र उठून जातात. बाहेरचा बीईसी रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला लावलात, तर ईएससीच्या तीन वायरींच्या प्लगमधली मधली लाल वायर निघालीच पाहिजे. माझ्या एका मित्राने ती ठेवली. त्याचा हिशोब असा, की दोन पुरवठे म्हणजे दुप्पट करंट. दोन बैल जुंपले की ओढ वाढते. बीईसीतले रेग्युलेटर तसे जुंपले जात नाहीत. ज्याचं व्होल्टेज किंचित जास्त तोच जवळपास सगळा भार उचलतो आणि दुसऱ्याच्या आउटपुटवर उलटा दाब देतो. याने बाहेरचा ७.४ व्होल्टवर ठेवलेला, ईएससीचा आतला ६ चा. गाडी काही मिनिटं मजेत चालली. मग ईएससी तापायला लागला, तोही मोटर बंद असताना. मग तो ओळखीचा वास. बीईसी वाचला, ईएससी गेला.

वायर कापू नका. प्लगच्या प्लास्टिकची बारीक जीभ सुईच्या टोकाने उचला, पिन अलगद मागे ओढा, तिच्यावर हीटश्रिंकची नळी चढवा आणि वायरलाच दुमडून बांधून ठेवा. उद्या ईएससी दुसऱ्या गाडीत गेला तर पिन परत आत ढकलायची, झालं. कात्री उचलायला दोन सेकंद लागतात म्हणून कापणारे पुढच्या महिन्यात जोड मारत बसतात.

आता याचीच दुसरी बाजू. काही जण बाहेरच्या बीईसीमधून थेट सर्व्होला वीज देतात आणि रिसीव्हरकडे फक्त सिग्नल आणि ग्राउंड नेतात. मी स्वतः असंच करतो. इथे ईएससीची लाल वायर ठेवायची, कारण रिसीव्हर तिच्यावरच जगतो. कुठेतरी ‘लाल काढा’ एवढंच वाचून ती काढणारे मग विचारतात, रिसीव्हर लागतच नाही, का? ग्राउंड मात्र कधीच सोडायची नाही. सर्व्होसाठी वेगळी बॅटरी वापरत असाल तर मुळीच नाही: सामाईक ग्राउंडशिवाय सिग्नलला काही अर्थ नसतो, सर्व्हो नुसता थरथरतो.

व्होल्टेज न मोजता सर्व्हो लावणं. पाकिटावर काय लिहिलंय ते मला सांगू नका, मल्टिमीटर काय म्हणतो ते सांगा. ६ व्होल्टच्या सर्व्होवर ८.४ सोडलं की तो थोडा वेळ भलताच चपळ होतो, पुढचं तुम्हाला कळेलच. रिसीव्हरची मर्यादाही बघून घ्या. छोट्या स्क्रूने व्होल्टेज ठरवायचे स्वस्त बोर्ड असतात, त्यांचा स्क्रू हादऱ्याने सरकू शकतो. वापरायचाच असेल तर व्होल्टेज ठरल्यावर त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका.

लिनिअर रेग्युलेटर. हा जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून घालवतो. थ्री-एसवरून (तीन सेलची, ११.१ व्होल्टची बॅटरी) ६ व्होल्टवर ३ अँपिअर घ्यायचे म्हणजे (११.१ − ६) × ३, साधारण १५ वॉट नुसती उष्णता. स्विचिंग रेग्युलेटरचाच बीईसी घ्या.

बारीक वायर. २६ गेजची ३० सेंटिमीटर वायर, जाऊन-येऊन ६० सेंटिमीटर, ६ अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट खाते. २२ गेजची जाड वायर त्याच्या निम्म्याहून कमी. एक्स्टेंशनवर एक्स्टेंशन लावू नका.

उलटी पोलॅरिटी. इनपुट सोल्डर करण्याआधी दोनदा बघा. यावर आणखी काय लिहू?

कपॅसिटरने भागवणं. रिसीव्हरला कपॅसिटर लावला की क्षणाचा झटका सावरतो. सर्व्हो तीन सेकंद अडून बसला तर कपॅसिटर केव्हाच रिकामा. आणि हो, मीटरवर ‘६.० आहे ना’ म्हणून खुश होऊ नका. काही मिलिसेकंदांची घसरण साध्या मीटरला दिसतच नाही. चाक धरून रिसीव्हरचा दिवा बघा, पण दोन सेकंदांच्या वर नको, नाहीतर चाचणीतच सर्व्हो जळायचा.

स्विच बंद केला म्हणजे गाडी बंद, असं समजणं. बीईसीचं इनपुट आपण थेट बॅटरीच्या वायरींवर जोडतो. ईएससीच्या स्विचला त्याचा पत्ताच नसतो, आणि ईएससीचा लो-व्होल्टेज कटऑफही मोटर थांबवतो, बीईसी नाही. सगळं मिळून शंभर मिलिअँपिअर जरी खात असेल, तरी १५०० एमएएचची लायपो बॅटरी १५ तासांत कोरडी. माझी एक थ्री-एस अशीच गेली: रात्री स्विच बंद करून गाडी कपाटावर ठेवली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटरी उशीसारखी फुगलेली. आता गाडी हातात घेतली की आधी बॅटरीचा कनेक्टर काढतो, टायरची माती त्यानंतर.