मठातल्या खुनांच्या गोष्टी वाचायच्यात? मग घंटांकडे कान द्या

मध्ययुगातला मठ, बाहेर बर्फ, आत साधू लोक प्रार्थनेला उभे आणि तिकडे कोणीतरी मरून पडलंय. असलं काहीतरी वाचायची हुक्की आली की बरेच जण थेट उंबेर्तो एकोचं 'द नेम ऑफ द रोझ' उचलतात आणि पन्नास-साठ पानांत गार होतात. पुस्तक भारीच आहे पण कोझी, म्हणजे रक्तपात फारसा न दाखवणारी निवांत रहस्यकथा, अजिबात नाही, मधे मधे लॅटिन, धर्मशास्त्राची भांडणं, सगळा जड मामला. ते नंतर वाचा. सुरुवात करायची ती एलिस पीटर्सच्या ब्रदर कॅडफेल या खून उकलणाऱ्या साधूपासून. बाईंचं खरं नाव एडिथ पार्जेटर, त्या मूळच्या इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या, आणि १९७७ ते १९९४ या काळात त्यांनी आपल्याच भागातल्या श्रूझबरीच्या बेनेडिक्टाइन मठाभोवती २० कादंबऱ्या लिहिल्या. मठ खराखुरा, १०८३ सालचा, त्याचं चर्च आजही उभं आहे.

क्रम शक्यतो सोडू नका. पहिल्या पुस्तकात मठवाले वेल्समधल्या एका गावात संत विनिफ्रेडच्या अस्थी आणायला जातात (श्रूझबरीच्या मठाने त्या ११३८ मध्ये खरंच आणल्या होत्या, प्रतिष्ठा वाढवायला मठाला स्वतःचा संत हवा होता) आणि गाववाले म्हणतात, आमची संत आहे, नाही देणार. मजा आहे. पण खरी पकड घेतं ते दुसरं, 'वन कॉर्प्स टू मेनी'. राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मॉड यांच्यात इंग्लंडच्या गादीवरून जुंपलेली, स्टीफन श्रूझबरीचा किल्ला घेतो आणि आतल्या ९४ जणांना फासावर लटकवतो. कॅडफेल अंत्यसंस्कारासाठी प्रेतं मोजतो तर भरतात ९५. म्हणजे कोणीतरी आपला खून राजाच्या हिशेबात खपवलाय! कॅडफेलचा पुढे दोस्त होणारा ह्यू बेरिंगरही इथेच पहिल्यांदा येतो आणि पुढे शेवटपर्यंत लागतो, त्यामुळे हे वगळून पुढे उडी मारू नका.

आता वाचायचं कसं. मठात घड्याळ नाही, दिवस चालतो तो प्रार्थनांच्या घंटांवर. मध्यरात्री मॅटिन्स, उजाडताना प्राइम, संध्याकाळी व्हेस्पर्स, झोपायच्या आधी कॉम्प्लिन, मधल्या वेळेच्या आणखी आहेत पण सुरुवातीला या चार डोक्यात ठेवल्या तरी बास. कारण अलिबाय, म्हणजे खुनाच्या वेळी कोण कुठे होतं याचा पुरावा, सगळा इथेच असतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, एक जण व्हेस्पर्सला दिसला नाही तर ते चार जणांच्या लक्षात येतंच, आणि याउलट सगळे चर्चमध्ये असताना स्वयंपाकघर, औषधाची खोली, तबेला मोकळा असतो. मी तर 'कॉम्प्लिननंतर' असं काही दिसलं की तिथेच पेन्सिलने खूण करते.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणाकडे काय काम आहे ते बघा. सेलररकडे कोठार, इन्फर्मेरियनकडे आजारी साधू, पोर्टर दारावर, म्हणजे आलं-गेलं कोण ते त्यालाच ठाऊक. कॅडफेलकडे वनौषधींची बाग. हा माणूस क्रूसेडला, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धाला, जाऊन आलेला, सैनिक, खलाशी, आणि चाळिशीच्या आसपास साधू झाला. त्यामुळे रोजच्या सभेत खांबाआड बसून डुलकी काढतो आणि तरी माणसं इतरांपेक्षा बरी ओळखतो.

तिसऱ्या पुस्तकात, 'मंक्स हूड'मध्ये, हे सगळं एकत्र येतं. म्हाताऱ्या साधूंच्या दुखऱ्या सांध्यांना चोळायला कॅडफेलने मंक्सहूडचं, म्हणजे आपल्याकडच्या बचनागाच्याच जातकुळीतल्या झाडाचं, तेल करून ठेवलंय. चोळायला औषध, पोटात गेलं तर विष. ते एका पाहुण्याच्या जेवणात जातं. हा पाहुणा आपली जमीन मठाच्या नावे करून बदल्यात आयुष्यभराचं घर आणि जेवण घेणार होता, पण करारावर शिक्का पडायचा बाकी. आता खुनी शोधायचा तर विष कोणाच्या हाताला लागलं एवढंच बघून भागत नाही, शिक्क्याआधी मेला तर जमीन कोणाची, हेही विचारावं लागतं. असले करार तेव्हा खरंच व्हायचे, लेखिकेने हवेतून काढलेले नाहीत.

रक्तपात बहुतेक पडद्यामागे, तपास गप्पागप्पांत, बागेतल्या खोपटात वाइन पीत. दर पुस्तकात एक प्रेमी जोडपं असतंच आणि ते निर्दोष निघणार हे तुम्हाला विसाव्या पानावर कळतं, पाच-सहा पुस्तकांनंतर याचा थोडा कंटाळा येतो, तेव्हा सलग न वाचता मधे दुसरं काहीतरी घ्या. नावांचा गोंधळ होत असेल तर पहिल्या पानावर यादी करा, प्रायर (मठाचा उपप्रमुख) रॉबर्ट आणि त्याचा चमचा ब्रदर जेरोम हे दोघे मात्र आपोआप लक्षात राहतील, इतके डोक्यात जातात.

यावर टीव्ही मालिकाही आहे, डेरेक जेकबी हा नट त्यात कॅडफेल झालाय, १३ भाग, १९९४ ते १९९८, शूटिंग हंगेरीत झालेलं. तो छान करतो पण पहिली तीन पुस्तकं झाल्याशिवाय बघू नका, कारण मालिकेत पुस्तकांचा क्रम पाळलेला नाही आणि पहिलाच भाग त्या ९५व्या प्रेताचा आहे.